फायर सिलेंडरला सेल्फ स्क्रू मारू नका : फॅब्रिकेशनवाल्या भावांना खुलं पत्र

प्रति,
हिंगणघाट, समुद्रपूर, वरोरा, वणी, पांढरकवडा या पट्ट्यातले माझे वेल्डिंगवाले, फॅब्रिकेशनवाले आणि गॅरेजवाले भाऊ,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी दोन सेल्फ स्क्रूंपायी, म्हणजे पत्र्यात स्वतःच आटा पाडत जाणाऱ्या स्क्रूंपायी लिहितो आहे. त्यांनी मी आग विझवायचा फायर सिलेंडर बसवला होता. ते स्क्रू मी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या भाच्याच्या गाडीत मारले होते. चूक माझी होती आणि ती तुमच्यापैकी कोणाच्या हातून होऊ नये एवढ्यासाठी ती सगळ्यांसमोर सांगतो.

कापसाचा सीझन होता. दुकानापुढे तीन ट्रॉल्या उभ्या. एकीचा फाळका निखळलेला, एकीचा एक्सल वाकलेला, तिसरीच्या मालकाला संध्याकाळच्या आत बाजार समितीच्या रांगेत ट्रॉली लावायची घाई. अशात भाचा आला. तो बुटीबोरीला एमआयडीसीत नोकरीला आहे आणि त्याला गाडीचं वेड आहे. मला त्या वेडाचं कौतुक वाटतं, कारण तो समृद्धीवर रात्री गाडी पळवून पाहत नाही. पैसे साठवतो, सुट्या साठवतो आणि कोइंबतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला जातो. तिथे शर्यत नसते. फी भरायची, गाडी तपासून घ्यायची, हेल्मेट घालायचं आणि दोन किलोमीटरच्या वर लांबीच्या त्या बंद ट्रॅकवर ठरल्या वेळात आपली गाडी तिच्या ताकदीप्रमाणे चालवायची. समोरून ट्रक येत नाही, मधेच गुरं येत नाहीत. रस्त्यावर जीव घालवणाऱ्या पोरांना मी आता हेच सांगतो की एवढीच हौस असेल तर तिकडे जा.

तर त्याने दोन किलोचा फायर सिलेंडर विकत आणला होता. लाल, चकाचक, सोबत पत्र्याची एक क्लिप. म्हणाला, "मामाजी, बाजूच्या सीटपुढं बसवून द्या, परवा पहाटे निघाचं हाय." मी वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवला, क्लिप सीटपुढच्या कार्पेटवर धरली, ड्रिलने दोन भोकं पाडली, दोन सेल्फ स्क्रू आवळले, सिलेंडर खट्‌कन बसवला. दहा मिनिटं. हाताने हलवून पाहिला की नाही, तेही आज आठवत नाही.

तो आणि भाचसून निघाले. हिंगणघाटवरून राष्ट्रीय महामार्ग ४४ धरला की पांढरकवडा, आदिलाबाद, हैदराबाद, कर्नूल, बंगळूर, पुढे सेलमवरून कोइंबतूर. तेराशे-चौदाशे किलोमीटर. तिथे ट्रॅकवर सोडण्याआधी गाडीची तपासणी असते. तपासणाऱ्या माणसाने बाजूचं दार उघडलं, सिलेंडर दिसला तसा त्याला हात घातला आणि दोन-तीनदा जोरात हलवला. भाच्याने रात्री फोनवर सांगितलं ते त्याच्याच शब्दांत सांगतो. "मामाजी, क्लिपसकट हातातच आला त्याच्या. एक इस्क्रू कार्पेटात अडकून होता, दुसरा तं कुठं पडला तेच माहीत नाही. मले वाटलं, तुमी केलं म्हणजे पक्कंच असन."

सिलेंडर बाहेर काढून ठेवायला लावला, आणि ते बरोबरच होतं. पोराने ट्रॅक डे केला, सुखरूप घरी आला. पण मला त्या रात्री झोप आली नाही. दुसरा स्क्रू कुठे पडला होता? आदिलाबादच्या अलीकडे की बंगळूरच्या पलीकडे? त्या सगळ्या रस्त्यात चार किलोचं लोखंड भाचसुनेच्या पोटऱ्यांपासून वीतभर अंतरावर एका स्क्रूच्या भरवशावर होतं. कुठे ट्रकच्या मागे जोराचा ब्रेक लागला असता, गाडी दुभाजकावर चढून पालथी झाली असती, तर तो सिलेंडर गाडीत कुठे कुठे आपटला असता याचा विचार करवत नाही. आग लागायच्या आधीच त्याने माणूस मारला असता.

हे मी वाढवून सांगत नाही. फायर सिलेंडरच्या आघाताने एका नावाजलेल्या ड्रायव्हरचा जीव गेलेला आहे. ५ मार्च १९७७ ला दक्षिण आफ्रिकेतल्या क्यालामी ट्रॅकवर फॉर्म्युला वन शर्यत सुरू होती. एका बंद पडलेल्या गाडीला आग लागली म्हणून एकोणीस वर्षांचा एक मार्शल, म्हणजे ट्रॅकवर मदतीला उभा असलेला माणूस, हातात सिलेंडर घेऊन ट्रॅक ओलांडायला धावला. चढ चढून भरधाव आलेल्या टॉम प्राइसच्या गाडीखाली तो सापडला आणि हातातला अठराएक किलोचा सिलेंडर प्राइसच्या डोक्याला लागला. दोघेही जागीच गेले. तिथे सिलेंडर माणसाच्या हातात होता, गाडीत बसवलेला नव्हता, हे खरं. पण धावत्या गाडीपुढे त्या वजनाचं काय होतं ते मला यातून कळलं.

भाचा परत आल्यावर त्याने मोबाइलवर मोटारस्पोर्टच्या जागतिक संस्थेचे, म्हणजे एफआयएचे नियम मला वाचून दाखवले. अपेंडिक्स जे म्हणून त्यांचं पुस्तक आहे, त्यातलं कलम २५३. हे नियम शर्यतीच्या आणि रॅलीच्या गाड्यांसाठी आहेत. ट्रॅक डेला प्रत्येक आयोजक आपापले नियम लावतो, काही जण सिलेंडर मागतात, काही मागत नाहीत. तरी त्यात लिहिलेलं प्रत्येक वाक्य आपल्यासारख्याच एखाद्या मिस्त्रीसाठी लिहिलं असावं असं मला वाटलं. सिलेंडरची बसवणी २५ जी इतका धक्का सोसणारी हवी. पट्ट्या धातूच्याच हव्यात आणि निदान दोन हव्यात. त्या झटक्यात सुटणाऱ्या हव्यात. आणि सिलेंडर पट्ट्यांतून गोळ्यासारखा पुढे निसटू नये म्हणून टोकाला अडसर हवा.

२५ जी म्हणजे काय, ते मला आधी समजेना. भाच्याने सांगितलं की टकरीच्या क्षणी वस्तू आपल्या वजनाच्या पंचवीस पट जोराने पुढे ओढली जाते. दोन किलोचा म्हणतात तो सिलेंडर पावडर आणि लोखंड धरून भरतो साधारण चार किलो. चार गुणिले पंचवीस, शंभर किलो. म्हणजे एक क्विंटल! भाऊ, आपली सगळी जिंदगी क्विंटल मोजण्यात गेली. एक क्विंटल कापूस म्हणजे किती, ते आपल्याला काट्यावर न ठेवता कळतं. तो क्विंटल मी दोन सेल्फ स्क्रूंना टांगला होता.

त्यातही तो स्क्रू धरतो कशाला, ते पाहा. गाडीच्या तळाचा पत्रा एक मिलिमीटरही जाड नसतो. सेल्फ स्क्रूचा त्यात जेमतेम एखादा आटा बसतो. वर कार्पेट, कार्पेटखाली फोम. आज आवळलेला स्क्रू फोम दबला की उद्या आपोआप ढिला. पुढे रस्त्याची थरथर उरलेलं काम करते, आणि आपल्याकडच्या रस्त्यांबद्दल मी वेगळं सांगायला नको. म्हणजे टक्कर व्हायचीसुद्धा गरज नाही. माझे स्क्रू टकरीने निघाले नव्हते, नुसत्या प्रवासाने निघाले होते.

आपण ट्रॉली बनवतो तेव्हा हुकाच्या पिनेला लॉक लावल्याशिवाय ती दुकानाबाहेर सोडत नाही. शेतकरी म्हणाला की राहू द्या, तार बांधतो, तरी आपण ऐकत नाही. का? कारण चढावर सुटलेली ट्रॉली आपण पाहिलेली आहे. गाडीत सुटलेला सिलेंडर आपण पाहिलेला नाही, म्हणून त्याला आपण सीट कव्हर आणि मोबाइल स्टँडच्या रांगेत बसवतो. माझं मागणं एवढंच आहे की या कामाला तुम्ही ट्रॉलीच्या हुकाचं काम समजा.

आता दुसऱ्यांदा मी ते कसं केलं ते सविस्तर लिहितो, कारण अर्धवट सांगितलेलं काम आपल्या धंद्यात सगळ्यात वाईट.

गाडीत जोर सोसायला बनवलेली जागा शोधायला लांब जावं लागत नाही. ड्रायव्हरशेजारच्या सीटचे पुढचे दोन बोल्ट. सीट माणसासकट टकरीत जागेवर राहावी म्हणून कंपनीने तळाला तिथे जाड मजबुती दिलेली असते. मी ४० बाय ५ मिलिमीटरची एमएस, म्हणजे साध्या पोलादाची पट्टी घेतली आणि एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत सीटपुढे आडवी टाकली. पट्टीची टोकं सीटच्या पायांच्या वर ठेवली, खाली नाही. खाली सारली तर सीटचा कल बदलतो आणि पाया नीट टेकत नाही. दोन्ही पाय एका पातळीत नव्हते, म्हणून पट्टीला एका बाजूने बाक द्यावा लागला. तो वाइसमध्ये धरून दिला.

बोल्टची गोष्ट नीट ऐका. पाच मिलिमीटरची पट्टी मधे आली म्हणजे जुना बोल्ट पाच मिलिमीटरने आखूड पडला, तेवढे आटे कमी बसले. म्हणून बोल्ट बदलावाच लागतो. त्याच मापाचा, त्याच आट्याचा, तेवढाच जास्त लांब, आणि डोक्यावर जो ताकदीचा आकडा जुन्यावर होता तोच किंवा वरचा. ८.८ असेल तर ८.८, १०.९ असेल तर १०.९. डब्यातला बिनआकड्याचा बोल्ट तिथे घालू नका. त्या बोल्टवर आता फक्त सिलेंडर नाही, अख्खी सीट आणि सीटवरचं माणूस आहे. माझ्याकडे तो बोल्ट नव्हता, नागपूरहून मागवला, दोन दिवस गाडी उभी राहिली. आवळताना पाना हाताच्या अंदाजाने न फिरवता गाडीच्या पुस्तकातला आकडा पाहून टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने आवळला. ज्याच्याकडे टॉर्क रेंच नाही त्याने शेजारच्या गॅरेजवाल्याकडून तासभर मागून आणावा, यात लाज नाही.

सीटच्या रेलला, पायाला किंवा सांगाड्याला वेल्डिंग करायचं नाही. आपला हात पहिल्यांदा तिकडेच जातो, माझाही गेला होता. ते पोलाद खास ताकदीचं असतं. टाक्याच्या उष्णतेने शेजारचा भाग कमजोर होतो आणि वरून काहीच दिसत नाही. शिवाय त्याच सीटखालून एअरबॅगच्या आणि सीट बेल्टच्या वायरी जातात, बहुतेक गाड्यांत त्यांचे कनेक्टर पिवळे असतात. काम सुरू करण्याआधी बॅटरीची तार काढा, मग थोडा वेळ जाऊ द्या, आणि त्या पिवळ्या कनेक्टरला हात लावू नका. जे काही तापवायचं, जोडायचं, ते गाडीच्या बाहेर, टेबलावर.

पट्टीवर सिलेंडरचा पाळणा. हा मी स्वतः बनवला. तयारही मिळतो आणि चांगला असेल तर तयार घेण्यात काहीच कमीपणा नाही. दोन धातूच्या पट्ट्या, एक वरच्या खांद्याजवळ, एक बुडाजवळ. कडी अशी की ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरच्या वाटीला असते तशी, ताण घेऊन बसणारी आणि बोटाने उचलली की सुटणारी, पण तिच्यापेक्षा दणकट. काही जण होज क्लिप लावतात. ती धरते चांगली, पण आग लागल्यावर स्क्रू ड्रायव्हर कुठून आणणार? रबराचे पट्टे, प्लॅस्टिकचे टाय, चुंबक, वेल्क्रो हे सगळं मनातून काढून टाका. ताणाने तुटतं नाहीतर तापाने वितळतं. पट्टी आणि सिलेंडर यांच्या मधे सायकलच्या ट्यूबचा पातळ तुकडा घातला, रंग घासून गंज चढू नये म्हणून. जाड रबर घातलं तर ते दबतं आणि पकड ढिली होते, मग पुन्हा कार्पेटचीच गोष्ट. पाळणा पट्टीला चार बोल्टांनी, खालून नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, थरथरीने सहज न सुटणारा नट. एकदा काढलेला नायलॉक नट परत वापरायचा नाही.

सिलेंडर गाडीत आडवा ठेवायचा, म्हणजे त्याचं तोंड एका दाराकडे आणि बूड दुसऱ्या दाराकडे. गाडीच्या लांबीत ठेवला तर टकरीचा जोर त्याला पट्ट्यांतून सरळ पुढे ढकलतो. आडवा असला की पाळण्याची पाठ आणि पट्ट्या मिळून तो जोर घेतात. मी आडवाच ठेवला, तरी अडसर पाहिजेच, कारण टक्कर बाजूनेही होते. हे मला पुस्तकाने सांगितलं होतं पण पटलं नव्हतं. पटलं ते चाचणीत.

चाचणी अशी. सिलेंडर म्हणून त्याच जाडीचा पाइपाचा तुकडा घेतला. भरलेल्या सिलेंडरवर असला प्रयोग कोणी करू नका. त्यात दाब असतो, तो बाँबच आहे. पट्टी आणि पाळणा ओझं उचलायच्या गॅन्ट्रीच्या खांबाला बोल्टने बसवला, पाइप कड्यांत आवळला आणि पाइपाला साखळीने ५० किलोच्या सिमेंटच्या दोन गोण्या टांगल्या. एक क्विंटल. पहिल्यांदा पट्ट्यांच्या दिशेने ओढ दिली, टिकलं. मग पाळणा वळवून पाइपाच्या लांबीच्या दिशेने ओढ दिली. पाइप सर्रकन निसटला आणि गोण्या खाली. एक फुटली. सिमेंटच्या धुळीत उभा राहून मी त्या पाळण्याकडे पाहत होतो आणि मला टोकाला अडसर का सांगितला आहे ते समजत होतं. मग पाळण्याच्या दोन्ही टोकांना सहा मिलिमीटरच्या पट्टीचे ओठ वळवले, सिलेंडरचं बूड एका ओठाला टेकेल आणि खांदा दुसऱ्या ओठाला अडेल असे. पुन्हा गोण्या टांगल्या, रात्रभर तशाच ठेवल्या. सकाळी माप घेतलं, काही हललं नव्हतं.

टांगलेलं ओझं आणि टकरीचा झटका यांत फरक आहे, हे मला माहीत आहे. या चाचणीने मी कोणाला प्रमाणपत्र देत नाही. पण ज्या पाळण्याला स्थिर क्विंटल पेलवत नाही त्याला झटक्याचा क्विंटल पेलवणार नाही, एवढं नक्की. ही चाचणी पहिल्या दिवशी केली असती तर माझे सेल्फ स्क्रू पहिल्याच गोणीला निघाले असते.

एखाद्या गाडीत सीटच्या बोल्टवर सोय होत नाही. मग तळाला आरपार भोक पाडून बोल्ट घालावे लागतात. भोक पाडण्याआधी गाडीखाली शिरून पाहा. पेट्रोलची नळी, ब्रेकची नळी, सायलेन्सर, वायरिंग, सगळं तिथूनच जातं. खालून तीन मिलिमीटर जाडीची, तळहाताएवढी प्लेट द्या, कोपरे गोल करा. नुसता वॉशर दिला तर तो पातळ पत्र्यातून फाटून वर येतो. कार्पेट तेवढ्यापुरतं कापून बोल्ट लोखंडावर लोखंड आवळला पाहिजे. भोकाच्या कडेला प्रायमर आणि सीलंट, नाहीतर दोन पावसाळ्यांत तिथला पत्रा भाकरीसारखा होतो.

काम झालं की गिऱ्हाइकाला चावी देऊ नका, आधी त्याला गाडीत बसवा. सीट बेल्ट लावून बसवा. चार पॉइंटचा बेल्ट असेल तर तोच, कारण त्यात माणूस पुढे वाकू शकत नाही. मग डोळे मिटून डाव्या हाताने सिलेंडर काढायला सांगा. मुठीची बाजू ड्रायव्हरकडे आहे का, कडी सापडते का, पिनेची कडी वर आहे का, सगळं तेव्हाच कळतं. भाच्याला पहिल्या वेळी कडी सापडेना. मी पाळणा उलटा फिरवून बसवला. सीट पूर्ण पुढे-मागे सरकवून पाहा. बाजूला बसणाऱ्याच्या पायाला पट्टीची धार लागत नाही ना, तेही पाहा. आणि ड्रायव्हरच्या पायांकडे सिलेंडर कधीच नाही. निसटून ब्रेकच्या पॅडलखाली गेला की संपलं.

सिलेंडरबद्दल थोडकं. आयएसआय शिक्का आणि आयएस १५६८३ हा आकडा पाहून घ्या. दाबाचा काटा हिरव्या भागात हवा. पावडरचा असेल तर गाडीच्या थरथरीने पावडर खाली घट्ट बसते, म्हणून महिन्यातून एकदा काढून, उलटा करून हलवावा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि उन्हात बंद उभ्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त. सिलेंडरवर किती तापमानापर्यंत चालेल ते छापलेलं असतं, ते वाचा आणि उन्हाळ्यात गाडी नुसती उभी राहणार असेल तर तो काढून घरात ठेवा. झटक्यात सुटणाऱ्या कडीचा हाही फायदा. सिलेंडरच्या अंगाला मात्र ड्रिल, वेल्डिंग, ग्राइंडर, काही म्हणजे काही लावायचं नाही.

हे सगळं करून मिळतं काय? दोन किलोची पावडर दहाएक सेकंदांत संपते. तेवढ्यात पेटलेली गाडी विझतेच असं नाही. पण दहा सेकंद पुष्कळ असतात. २९ नोव्हेंबर २०२० ला बहरीनच्या शर्यतीत रोमँ ग्रोजाँची गाडी कठड्यात घुसून दुभंगली आणि पेटली, तो त्या ज्वाळांतून अठ्ठावीस सेकंदांच्या आसपास बाहेर आला. त्याच्या अंगावर आगीला तोंड देणारे कपडे होते, मदतीला डॉक्टर आणि सिलेंडर घेतलेला मार्शल होता. आपली पोरं टी-शर्ट आणि जीन्सवर ट्रॅकवर जातात. त्यांना ते दहा सेकंद हाताशी असायला हवेत. बेल्ट सोडायला, दार उघडायला, शेजारच्याला बाहेर ओढायला. आणि ते गाडीत कुठेतरी गडगडत गेलेल्या सिलेंडरमधून मिळत नाहीत.

पोरांनो, तुमच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर तुमच्यासाठीही दोन शब्द. ट्रॅकवर धूर दिसला तर गाडी मार्शलच्या जवळ, ट्रॅकच्या कडेला घ्या, इंजिन बंद करा, आधी स्वतः बाहेर पडा. बॉनेट पूर्ण उघडू नका, हवा मिळाली की भडका उडतो, फटीतून मारा. बंद गाडीत पावडर उडवली तर डोळ्यांपुढचं दिसत नाही आणि श्वास कोंडतो, म्हणून शक्यतो बाहेर येऊन. आणि मिस्त्री घाईत असेल तर त्याला घाईत काम करू देऊ नका, दुसऱ्या दिवशी या. माझा भाचा मला मान देऊन गप्प राहिला. त्याने तेव्हा सिलेंडर एकदा हलवून दाखवला असता तर मला राग आला असता, पण काम नीट झालं असतं.

भावांनो, हे काम फक्त ट्रॅकवाल्यांचं समजू नका. ट्रॅकवाली गाडी आपल्याकडे वर्षात एखादी येते. पण ज्या दुकानात ती येते त्याच दुकानात शाळेची व्हॅन येते, लग्नाच्या वऱ्हाडाची जीप येते, कापूस भरलेला टेम्पो येतो. माझ्या दारात आलेल्या व्हॅनमध्ये मी आता पहिल्यांदा सिलेंडर शोधतो. कधी मागच्या सीटखाली दप्तरांमध्ये आडवा पडलेला असतो, कधी ड्रायव्हरच्या मागे सुतळीने बांधलेला असतो. त्या व्हॅनमध्ये बारा-पंधरा लेकरं बसतात आणि सुतळीने बांधलेलं ते चार किलोचं लोखंड त्यांच्या डोक्यांच्या उंचीवर असतं. त्यांना २५ जीचा नियम कोणी लावलेला नाही. आपण लावायचा. दोन धातूच्या पट्ट्या, चार चांगले बोल्ट, एक अडसर. सामानाला फार पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. ट्रॅकच्या गाडीला माझा अर्धा दिवस गेला, व्हॅनला दोन तास पुरतात. त्याचे पैसे गिऱ्हाइकाकडून हक्काने घ्या, मीही घेतो. पण कोणी म्हणालं की मिस्त्री, दहा मिनिटांत दोन स्क्रू मारून द्या, तर नाही म्हणा. तो दुसऱ्याकडे जाईल अशी भीती वाटते मला माहीत आहे. तो दुसरा म्हणजे तुमच्यापैकीच कोणीतरी असणार, म्हणून तर पत्र सगळ्यांना लिहिलं.

पाळण्याचा पुठ्ठ्याचा नमुना आणि ओठ कुठे वळवायचे त्याच्या खुणा माझ्या दुकानात ग्राइंडरच्या वर खिळ्याला टांगलेल्या आहेत. फुटलेल्या गोणीचा रिकामा कागदही तिथेच आहे. बाजाराच्या दिवशी हिंगणघाटला आलात तर या, माप उतरवून न्या. दोन किलोच्या सिलेंडरचा नमुना तयार आहे. एक किलोच्या सिलेंडरचा अजून जमलेला नाही, त्याचा खांदा गोल असल्याने ओठ नीट बसत नाही. तुमच्यापैकी कोणाला त्याची युक्ती सापडली तर मला येऊन सांगा.

आपला,
एक फॅब्रिकेशनवाला मिस्त्री
हिंगणघाट, जिल्हा वर्धा